आडगावच्या गोडाऊनची आग आणि पॉलिसीतलं अ‍ॅव्हरेज

आधी आकडे सांगतो. नाशिकच्या आडगाव नाक्याच्या पुढे एक गोडाऊन, त्यात द्राक्ष पॅकिंगचं सामान म्हणजे कोरुगेटेड बॉक्स, पनेट, लायनर, ग्रेपगार्ड वगैरे. मालाचा विमा ४० लाखांचा. जानेवारी २०२० मध्ये आग लागली, भंगाराची किंमत वजा करून नुकसान निघालं २० लाख. कंपनीने मंजूर केले १० लाख. मालकाचं म्हणणं सरळ होतं की विमा ४० चा आहे, जळालं २० चं, मग २० द्या ना, मधे दहा कापायचा संबंध काय? कंपनीच्या पत्रात कारण एकच लिहिलेलं, कंडिशन ऑफ अ‍ॅव्हरेज लागू.

मालकांना इथे अण्णा म्हणू. साठीच्या पुढचे, आधी स्वतः द्राक्षवाले, नंतर पॅकिंग मटेरियलच्या धंद्यात आले. मुलगा बीकॉम, आता तोच बघतो सगळं. त्यांचं जीएसटी आणि बँकेचे कागद माझ्याकडे असतात, विम्याचं काम मात्र एजंट परस्पर करायचा. पत्र आल्यावर अण्णांनी मला बोलावलं आणि पहिलंच वाक्य, "अरे, अ‍ॅव्हरेजनेच तर काढला होता विमा, मग आता अ‍ॅव्हरेज लागू म्हणजे काय?"

हे वाक्य मला आधी कळलंच नाही. मग मुलाने रजिस्टर काढून दाखवलं तेव्हा उलगडा झाला. झालं असं होतं की आदल्या वर्षीच्या पॉलिसीच्या कागदात त्यांना कंडिशन ऑफ अ‍ॅव्हरेज असं हेडिंग दिसलं होतं. खालचा मजकूर कोणी वाचला नाही, कोण वाचतं म्हणा, एक वाक्य पाच ओळींचं असतं तिथे. अ‍ॅव्हरेज म्हणजे सरासरी हे तर शाळेपासून माहीत, तेव्हा अर्थ लावला की कंपनी वर्षाचा सरासरी स्टॉक धरते. आणि मग त्यांनी प्रामाणिकपणे हिशोब केला. जून ते सप्टेंबर दर महिन्याला दहा लाखांच्या आसपास माल, ऑक्टोबरला ३०, नोव्हेंबर ५५, डिसेंबर-जानेवारी ८०-८०, फेब्रुवारी ७५, मार्च ६५, एप्रिल ३५, मे २०. बेरीज ४८० लाख, भागिले बारा, ४० लाख. एजंटने रिन्यूअलला फोन करून विचारलं की अण्णा, स्टॉक किती धरू, अण्णा म्हणाले अ‍ॅव्हरेज ४० धर. एजंटने धरले. त्याने एका शब्दानेही विचारलं नाही की अ‍ॅव्हरेज का, सीझनमध्ये किती असतो. माझ्या मते इथे खरी चूक एजंटची, कारण अण्णांना तो शब्द माहीत नसणं समजू शकतो, एजंटचं पोट त्याच शब्दावर चालतं.

आता त्या कलमात असतं काय ते सांगतो. सोप्या भाषेत असं, की आग लागली त्या वेळी मालाची एकूण किंमत विम्याच्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर जेवढा फरक आहे तेवढ्यापुरते तुम्ही स्वतःच स्वतःची विमा कंपनी आहात असं धरायचं, आणि नुकसानातला त्या प्रमाणातला हिस्सा तुम्ही सोसायचा. माल ८० चा, विमा ४० चा, म्हणजे अर्धा विमा कंपनीकडे आणि अर्धा अण्णांनी स्वतःकडेच ठेवला. मग २० लाख जळाले तर अर्धे कंपनीचे, अर्धे अण्णांचे. यात बारा महिन्यांची बेरीज नाही, बाराने भागणं नाही. आग लागली तो एक दिवस, त्या दिवशीचा माल, बस. वरून पॉलिसीप्रमाणे दहा हजार एक्सेस, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची ठरलेली रक्कम, कापला तो वेगळाच.

मुलाने लगेच दुसरा मुद्दा काढला, हुशार आहे तो, म्हणे शेड आपण जास्त रकमेला इन्शुअर केलीये, तिला काही झालेलं नाही, तिच्यातले जास्तीचे इकडे वळवता येतील ना? नाही येत. पॉलिसीत बिल्डिंग, मशिनरी, स्टॉक असे जे वेगळे आयटम लिहिलेत त्या प्रत्येकाला ही अट वेगवेगळी लागते. शेडला जास्त दाखवलं तर तो जास्तीचा प्रीमियम गेला एवढंच.

अण्णांचा राग पैशांपेक्षा शब्दावर जास्त होता. त्यांचं म्हणणं, ही विमेवाली मंडळी साधा शब्द घेतात आणि आपल्या सोयीने वाकवतात. ऐकायला पटतं. पण इतिहास बघितला तर गंमत बरोबर उलटी आहे. हा शब्द मुळात विम्याच्या, म्हणजे समुद्रावरच्या व्यापाराच्या दुनियेतलाच, आणि सरासरी हा अर्थ त्याला नंतर चिकटला. बहुतेक अभ्यासक त्याचं मूळ अरबीतल्या अवार या शब्दाशी नेतात, अवार म्हणजे मालातलं खोट, नुकसान. तिथून इटालियनमध्ये अव्हारिया, फ्रेंचमध्ये अव्हारी, आणि मग इंग्रजीत. इंग्रजीत तो पंधराव्या शतकाच्या शेवटी येतो तेव्हा मालावरची पट्टी, जकात, मग जहाजावरचं नुकसान असेच अर्थ आहेत. वादळात जहाज वाचवायला कोणाचा तरी माल समुद्रात फेकला, तर ते नुकसान ज्याचा माल गेला त्या एकट्याचं नाही, जहाजमालक आणि सगळे मालवाले आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेणार, हा फार जुना नियम. ऱ्होड्स बेटाच्या नावाने तो रोमन कायद्यात नोंदलेला आहे, जस्टिनियनच्या ५३३ सालच्या संहितेत. हे वाटून घेणं म्हणजे अ‍ॅव्हरेज. सगळ्यांवर सारखं पसरवायचं या कल्पनेतून अठराव्या शतकात शब्द गणितात गेला, आणि बेरीज करून भागायचं त्याला अ‍ॅव्हरेज म्हणायला लागले. म्हणजे शाळेतल्या गणिताने विमेवाल्यांचा शब्द उचललाय, विमेवाल्यांनी गणिताचा नाही.

हे अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, आता बँकेचा हप्ता त्या अरबांकडून भरून घे."

ते बरोबरच आहे म्हणा. मूळ कुठलं का असेना, नाशिकमध्ये आज अ‍ॅव्हरेज म्हटल्यावर माणसाला काय कळतं हा प्रश्न आहे, आणि तिथे शब्द भलताच पसरलेला आहे. गाडी किती अ‍ॅव्हरेज देते म्हणजे लिटरला किती किलोमीटर. पोरगं अभ्यासात अ‍ॅव्हरेज आहे म्हणजे फार काही आशा ठेवू नका. मिसळ अ‍ॅव्हरेज होती म्हणजे परत जाणार नाही. मीटर बंद पडला की येतं ते अ‍ॅव्हरेज बिल. शेअरवाला म्हणतो भाव पडला तर अजून घेऊन अ‍ॅव्हरेज करू, म्हणजे आपल्या खरेदीचा सरासरी भाव खाली आणू, ज्यात कित्येकांचे पैसे बुडालेत ते सोडा. बागेत अ‍ॅव्हरेज एकरी किती निघाला हे तर द्राक्षवाल्यांचं रोजचंच. यातल्या कुठल्याच वापरात नुकसान वाटून घेणं हा अर्थ नाही, मग अण्णांना तो कुठून सुचणार.

बरं, जिथे खरोखर गणित आहे तिथेही भागाकार कशाने करायचा हे प्रत्येक धंदा आपलं आपलं ठरवतो. क्रिकेटचंच घ्या. ब्रॅडमनचं कसोटी अ‍ॅव्हरेज ९९.९४ सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या धावा ६,९९६ आणि डाव ८०, भागून बघा, ८७.४५ येतं. कारण बॅटिंग अ‍ॅव्हरेज डावांनी भागत नाहीत, किती वेळा आऊट झाला त्याने भागतात, आणि तो १० वेळा नाबाद होता, म्हणून ७० ने भागायचं. बाजार समितीच्या भावातही तेच. पेपरात कांद्याचा सरासरी भाव म्हणून जो आकडा येतो तो लोकांना वाटतं किमान आणि कमाल यांच्या मधला असेल, पण पणन मंडळाच्या तक्त्यात त्या रकान्याला सर्वसाधारण दर म्हणतात, म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावाने गेला तो. किमान-कमाल मिळवून दोनने भागलं तर बहुतेक वेळा तो आकडा येत नाही, शेतकऱ्याला हे माहीत असतं, शहरातल्याला नसतं.

आणि या प्रकरणात सगळ्यात वाईट योगायोग हा की विम्यातही एक जागा अशी आहे जिथे अ‍ॅव्हरेज म्हणजे अण्णांना वाटलं तसंच, सरासरी! डिक्लरेशन पॉलिसी म्हणून एक प्रकार असतो, ज्यांचा स्टॉक वर्षभर खूप वर-खाली होतो त्यांच्यासाठी. त्यात दर महिन्याला कंपनीला स्टॉक कळवायचा, वर्षाच्या शेवटी त्या आकड्यांची सरासरी काढून प्रीमियम ठरतो आणि जास्तीचा भरलेला काही परत मिळतो, फार तर अर्धा. पण नीट बघा, सरासरीवर फक्त प्रीमियम. विम्याची रक्कम सुरुवातीला वर्षातला सर्वात जास्त स्टॉक असेल तेवढीच घ्यावी लागते. म्हणजे अण्णांचा स्टॉक आणि अण्णांची कल्पना या प्रकाराला अगदी फिट होती, फक्त पॉलिसी ती नव्हती. त्यांची साधी स्टँडर्ड फायर पॉलिसी होती. शिवाय डिक्लरेशनला पूर्वापार किमान एक कोटीची रक्कम लागायची, ८० लाखांच्या स्टॉकला ती मिळालीही नसती. मला तर दाट शंका आहे की एजंटच्या डोक्यातही या दोन गोष्टींची भेसळ झाली असावी, पण ते तो कबूल करणार नाही.

आता लढायचं कशावर हा प्रश्न. ओळखीतल्या वकिलांनी एक मुद्दा सुचवला, कागदातल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर ज्याने कागद लिहिला त्याच्या विरुद्ध अर्थ लावायचा, हे तत्त्व विम्याच्या वादात आपली कोर्टं मानतात. खरंय. पण ते तत्त्व शंका असेल तर चालतं. इथे हेडिंगमध्ये शंका आहे, खालच्या मजकुरात नाही, तिथे स्वतःच स्वतःचा इन्शुरर हे स्वच्छ लिहिलंय. हेडिंग वाचून थांबलो असं सांगून केस जिंकता येत नाही. मी अण्णांना स्पष्ट सांगितलं की शब्दाच्या अर्थावर भांडू नका, त्यात वर्ष जाईल आणि हाती काही लागणार नाही. अण्णांना आवडलं नाही, मुलाला पटलं.

मग आम्ही ८० या आकड्याकडे वळलो. नुकसान मोजायला कंपनीने नेमलेल्या सर्व्हेअरने ८० कुठून आणला? बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटवरून. सीसी लिमिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कॅश क्रेडिट कर्ज, असली की दर महिन्याला बँकेला स्टॉक कळवावा लागतो, त्यावर ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती पैसे उचलता येतील ते, ठरते, आणि ३१ डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये ८० लाख होते. इथे बऱ्याच लोकांची पंचाईत होते, बँकेला माल जास्त दाखवायचा म्हणजे लिमिट वापरता येते आणि विम्याला कमी म्हणजे प्रीमियम वाचतो, आणि आग लागली की दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात. अण्णांचं स्टेटमेंट खरं होतं, फुगवलेलं नव्हतं, त्यामुळे ते नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण कलमात किंमत कधीची धरायची? आग लागली त्या वेळची. महिनाअखेरची नाही. आग जानेवारीच्या मध्याला लागलेली, आणि तोपर्यंत पॅकिंग सुरू झालेलं, दिंडोरी आणि पिंपळगाव बाजूच्या पॅकहाऊसना बॉक्स आणि पनेट गेलेले होते.

मग आठवडाभर मुलाने आणि मी तेच केलं. विक्रीची बिलं, ई-वे बिलं, गेटवरचं आवक-जावक रजिस्टर, टेम्पोवाल्यांच्या पावत्या, आणि दुसऱ्या बाजूला जानेवारीत नवीन आलेला मालही, कारण फक्त गेलेला दाखवून आलेला लपवला तर सर्व्हेअर पहिल्याच पानावर पकडतो आणि मग बाकी कशावर विश्वास ठेवत नाही. गेलेल्या मालाची किंमत विक्रीच्या भावाने नाही तर खरेदीच्या भावाने लावायची हेही सांभाळावं लागलं, नाहीतर मार्जिन स्टॉकमध्ये घुसतं. गेटचं रजिस्टर गोडाऊनच्या बाहेरच्या केबिनमध्ये होतं म्हणून वाचलं, आत असतं तर हा सगळा मुद्दाच राखेत गेला असता. शेवटी आगीच्या दिवशीचा माल निघाला ७२ लाख.

आता गणित करा. २० गुणिले ४० भागिले ७२. अकरा लाख अकरा हजारच्या आसपास. दहा हजार एक्सेस जाऊन अकरा लाख एक हजार. म्हणजे आधीच्यापेक्षा एक लाख अकरा हजार जास्त. एवढ्यासाठी एवढी खटपट का असं अण्णांचे भाऊ म्हणालेच, पण त्या वर्षी मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, एक्सपोर्टचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, लाख रुपये तेव्हा छोटे नव्हते. फाईल कंपनीत पडून राहिली ती वेगळीच, फोन केला की साहेब वर्क फ्रॉम होम. कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज टाकून ठेवला होता, कारण पुण्याच्या विमा लोकपालाकडे जायचं झालं तर आधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी लागते आणि नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, अण्णांची फर्म प्रोप्रायटरशिप असल्याने तो रस्ता उघडा होता. तिथपर्यंत जायची वेळ आली नाही. सर्व्हेअरने सुधारित रिपोर्ट दिला, कंपनीने ७२ मान्य केले, पावसाळ्यात पैसे आले. बाकीचे नऊ लाख अण्णांच्या अंगावर. जास्तीच्या ४० लाखांचा वर्षाचा प्रीमियम काही हजारांच्या घरातच गेला असता, तो आकडा मी त्यांच्यासमोर काढला नाही, मुलाने काढला.

ऑक्टोबर २०२० च्या रिन्यूअलला दोन पर्याय होते. एक, वर्षभर सगळ्यात वरच्या आकड्याचा विमा. दोन, वर्षभर कमी रक्कम आणि नोव्हेंबरपासून सीझनपुरती एंडोर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत लेखी बदल, करून वाढवून घ्यायची, त्या महिन्यांचा प्रीमियम जरा चढ्या दराने बसतो तरी एकूण स्वस्त पडू शकतं. दुसरा पर्याय कागदावर चांगला, पण नोव्हेंबरात कोणाला आठवण राहणार, त्या वेळी सगळे बॉक्सच्या ऑर्डरी सांभाळत असतात. मी पहिलाच घ्या म्हटलं. ८५ चा घेतला.

मग मार्च २०२१ मध्ये ते एव्हर गिव्हन जहाज सुएझ कालव्यात आडवं बसलं, २३ तारखेला अडकलं, २९ ला सुटलं, आणि त्यानंतर जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केल्याची बातमी आली. मुलाने मला ती बातमी पाठवली, खाली लिहिलेलं, हे तेच का? हो, तेच, अण्णांच्या कलमाचं खापर-पणजोबा. जहाज सोडवायला जो खर्च आला तो मालक आणि ज्यांचे ज्यांचे कंटेनर वर होते त्या सगळ्यांनी प्रमाणात वाटायचा, तुमचा माल धडधाकट असला तरी. हिस्सा भरायची हमी दिल्याशिवाय कंटेनर सोडत नाहीत. २०१८ मध्ये अरबी समुद्रात मर्स्क होनाम या कंटेनर जहाजाला आग लागली तेव्हा मालवाल्यांकडून मालाच्या किमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली होती, बचावकार्याचे ४२.५ आणि जनरल अ‍ॅव्हरेजचे ११.५. ज्याचा मरीन विमा आहे त्याच्या वतीने विमा कंपनी हमी देते, ज्याचा नाही त्याने रोख ठेवायचे. हे वाटप कसं करायचं त्याचे यॉर्क-अँटवर्प रूल्स म्हणून नियम आहेत, शेवटचे २०१६ चे, आणि हिशोब करणाऱ्या माणसाला म्हणतात अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टर. आपल्या १९६३ च्या मरीन इन्शुरन्स कायद्यातही जनरल अ‍ॅव्हरेज आणि पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज दोन्ही आहेत. पर्टिक्युलर म्हणजे ज्याचं नुकसान त्याचंच, वाटणी नाही. जुन्या मरीन पॉलिसीत फ्री फ्रॉम पर्टिक्युलर अ‍ॅव्हरेज असं लिहिलेलं असायचं, वाचणाऱ्याला वाटावं काहीतरी फुकट मिळतंय, आणि अर्थ असा की मालाचं अर्धंमुर्धं नुकसान झालं तर सर्वसाधारणपणे आम्ही देणार नाही. १९८२ नंतर ए, बी, सी अशी कलमं आली आणि ते गेलं. चांगलंच झालं.

नाशिकहून न्हावा-शेवामार्गे रॉटरडॅमला द्राक्षं पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे दोन शब्द तरी फॉरवर्डरकडून, म्हणजे जहाजाचं बुकिंग बघणाऱ्याकडून, समजून घ्यावेत असं मला वाटतं, कारण नाशवंत माल बंदरात हमीसाठी अडकला तर हमी देईपर्यंत द्राक्ष थांबत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांच्या आग विम्याचे नियमही बदलले. एका जागेवरची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी, आणि त्यात १५ टक्क्यांपर्यंत विमा कमी पडला तर कापत नाहीत. अण्णांच्या भाषेत, माल ८० चा आणि विमा ६८ चा असेल तरी नुकसान पूर्ण मिळेल. ४० चा असेल तर पुन्हा तेच, अर्धे. म्हणजे २०२० ला हा नियम असता तरी अण्णांना उपयोग नव्हता, हे मी त्यांना दोनदा समजावलं कारण त्यांना वाटत होतं सरकारने त्यांचीच केस बघून कायदा केला.

आता रिन्यूअलला एजंट फोन करतो तेव्हा मुलगा त्याला आकडा सांगत नाही. गेल्या सीझनची डिसेंबर ते मार्चची चारही बँक स्टेटमेंट पाठवतो आणि लिहितो, यातला सगळ्यात मोठा आकडा धरा, वर दहा टक्के, आणि धरलेला आकडा मला लेखी कळवा.